मधला तुकडा

लग्नाआधी मी सासूबाईंच्या घरी दोन-तीनदा जेवायला गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी जेवणानंतर बशीत लेमन बारचा एक चौकोनी तुकडा आला होता. खाली बिस्किटांचा चुरा दाबून केलेला थर, वर लिंबाचं फिकट पिवळं क्रीम, चारी बाजू सुरीने सरळ कापलेल्या. चमचा लावला की क्रीम जरा वाकायचं आणि मग सुटून यायचं. तोंडात आधी गार लागायचं, मग आंबट, आणि मग ते कुठे गेलं हेच कळायचं नाही. भावी जावयाला पानात येईल त्याला छान म्हणणं भागच असतं, पण याला छान म्हणताना मला खोटं बोलावं लागलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा बशीत चौकोन नव्हता. बोटभर रुंदीची एक पट्टी होती. एका बाजूने तपकिरी, करकरीत, वर क्रीमचा घट्ट आणि थोडा चिवट थर. बायकोच्या बशीत तशीच पट्टी, सासऱ्यांच्या बशीत तशीच, मेहुण्याच्या बशीत दोन. मी बावळटासारखा सगळ्यांच्या बशांकडे बघत राहिलो.

“कड आहे ती,” बायको म्हणाली. “चौकोन पाहुण्यांचे, कडा घरच्यांच्या. अभिनंदन.”

म्हणजे मी घरचा झालो आणि मधला तुकडा कायमचा हातचा गेला. तक्रार नाही. कडही वाईट नसते. पण ती वेगळीच वस्तू असते, आणि ही गोष्ट त्या घरात कुणालाही माहीत नाही असं मात्र माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

सासूबाई बार करायच्या ते नेहमी दुसऱ्यांसाठी. कुणाच्या ऑफिसात निरोप समारंभ, कुणाच्या मुलीचा निकाल, वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे येणारी माणसं. ट्रे गार झाला की त्या चारी बाजूंनी कडा कापून बाजूला काढायच्या, कारण कडा वेड्यावाकड्या असतात आणि लोकांना देताना माल नीट दिसला पाहिजे. मधले चौकोन डब्यात भरून जायचे. कडा मुलांनी खायच्या. एक कड उभ्याउभ्या त्या स्वतः खायच्या, आंबट बरोबर झालंय का ते बघायला. पाहुण्यांपुढचे चौकोन उरले तर ते पाहुण्यांच्याच हातात बांधून द्यायच्या. परत आणलेला डबा बघितला की त्यांना अपमान वाटायचा.

आता या घरातल्या माणसांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं पटणार नाही. सासरे लिफ्ट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी अजून कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी एक पाय आत टाकून, जोर देऊन बघतात, आणि मागची माणसं ताटकळतात. जी गोष्ट हलते ती धोक्याची, असं त्यांचं साधं मत आहे. मेहुणा टाइल बसवतो. त्याला घरात काटकोन म्हणतात. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं असेल तर त्याचं जेवणात लक्ष लागत नाही. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि दिवसभर लोकांना “आता जराही हलू नका” असं सांगत असते. मी गाडी चालवायला शिकवतो. माझं काम शेजारच्या सीटवर गप्प बसून राहण्याचं आहे, पायाखाली एक जादा ब्रेक घेऊन. शिकणारा चुकणारच, चुकू द्यायचा. फक्त समोर माणूस आला की ब्रेक दाबायचा. त्यामुळे या घरात मी फारसं बोलत नाही आणि त्यांना वाटतं मी समजूतदार आहे.

वाचनालयाच्या खाली एक कॅफे आहे. तिथल्या मालकिणीने कुणाच्या तरी निरोप समारंभात सासूबाईंचा बार खाल्ला आणि पत्ता शोधत घरी आली. शनिवारी एक अख्खा ट्रे आणून द्या, म्हणाली, कापू नका, माझ्या काचेच्या कपाटाच्या मापाने मी कापेन. एका कारखान्याचे नमुनेही त्याच दिवशी येणार होते. दोन्ही चाखून ती ठरवणार होती, आणि जे ठरेल ते रोज तिच्याकडे राहणार होतं. सासूबाई तोवर सगळ्यांसाठी करत आल्या होत्या, पण कुणी त्यांच्या वस्तूला काचेच्या कपाटात जागा देऊ म्हटलं नव्हतं. बाई गेल्यावर त्यांनी हातातलं फडकं दोनदा धुतलं. मग म्हणाल्या, “मला हे पाहिजे.” बायको नंतर मला म्हणाली की आईच्या तोंडून तिने हे वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं. साडीच्या दुकानातही नाही.

गुरुवारी त्या मोठा ट्रे काढायला स्टुलावर चढल्या आणि ट्रेसकट खाली आल्या. ट्रे त्यांनी छातीशी धरून ठेवला, हात टेकायला सोडला तो उशिरा. ट्रेला पोचा आला नाही. मनगटाचे दोन तुकडे झाले.

शुक्रवारी दुपारी आम्ही चौघं स्वयंपाकघरात उभे होतो आणि सासूबाई हॉस्पिटलमधून फोनवर होत्या. मनगटात प्लेट बसवायची होती. त्या सकाळपासून उपाशी होत्या आणि आम्हाला खायचं कसं करायचं ते सांगत होत्या. त्यांच्याकडे कुठे काही लिहिलेलं नव्हतं. बिस्किटं किती, तर “तो निळा डबा गळ्यापर्यंत.” बटर किती, तर “चुरा मुठीत दाबला की मूठ उघडल्यावर तसाच राहिला पाहिजे.” अंड्यांचे पिवळे बलक, कंडेन्स्ड मिल्क, क्रीम, लिंबाचा रस, लिंबाची साल किसून, आणि जरा संत्र्याची साल. “सालीचा पांढरा भाग आला तर कडू होईल,” त्या म्हणाल्या. “किसणी जावयाच्या हातात द्या. त्याला घाई नसते.”

“मग ओव्हनमध्ये टाकायचं,” बायको म्हणाली. “आणि काढायचं कधी?”

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी आलं. सिस्टरचा आवाज ऐकू आला, चला, फोन ठेवा, आधीचं ऑपरेशन लवकर संपलंय. सासूबाई घाईने म्हणाल्या, “अगं, ते कळेल तुम्हाला. जन्मभर खाताय की. चव माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” तिघंही एकदम म्हणाले. फोन बंद झाला.

काम चोख झालं, यात वाद नाही. काटकोनने बिस्किटांचा थर असा दाबला की त्यावर फरशी बसवता आली असती. सासऱ्यांनी लिंबं पिळली आणि प्रत्येक बी स्वतः काढली. बायकोने मिश्रण ढवळलं. लिंबाचा रस पडल्यावर ते हळूहळू दाट होत गेलं, तेव्हा तिचा चेहरा लहानपणीचा झाला असावा, मला तसं वाटलं. मी साल किसली आणि बोटाचं एक पेरही सोलून घेतलं. मिश्रण थोडं उरलं, ते एका छोट्या टिनमध्ये घातलं, चव बघायला म्हणून. दोन्ही ओव्हनमध्ये गेले आणि आम्ही काचेसमोर रांगेत उभे राहिलो.

कडा बसल्या, वर आल्या. बायकोने दार उघडून ट्रे हातमोज्याने जरा हलवला. मधलं क्रीम एकदा डुलून थांबलं.

“मला वाटतं झालं,” मी म्हटलं.

“हलतंय,” सासरे म्हणाले.

“थोडं हलायला हवं असेल.”

“हवं असेल?” सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणालातरी लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात पाय टाकायला सांगितलं होतं. “हलतंय म्हणजे कच्चं आहे.”

“भाऊजी, तुम्ही खाल्लीय की कड,” काटकोन म्हणाला. “कड कधी हलते का?”

“तू कडेबद्दल बोलतोयस. हे मधलं आहे.”

“एकाच ट्रेमधलं ना? मग?”

“तुला आमच्या घरची चव आमच्यापेक्षा जास्त कळते का?” बायको म्हणाली. तिची आई त्या क्षणी भूल देऊन झोपवलेली होती आणि तिला कशाला तरी घट्ट धरून राहायचं होतं, हे मला दिसत होतं. मी किसणी धुवायला घेतली.

कडा करपू नयेत म्हणून सासऱ्यांनी फॉइलच्या पट्ट्या कापून चारी बाजू झाकल्या. ही कल्पना खरोखर चांगली होती, आणि तिनेच सगळा घात केला. ओव्हन मंद करून त्यांनी ट्रे टिनसकट आत ठेवला, आणि मधलं क्रीम हलायचं पूर्ण थांबेपर्यंत बाहेर काढला नाही. सासऱ्यांनी शेवटी ट्रेला एक धक्का दिला. काहीही हललं नाही. “पास,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तासाभराने हॉस्पिटलमधून फोन आला की ऑपरेशन नीट झालं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या भरात माझं म्हणणं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

शनिवारी सकाळी छोट्या टिनमधलं मधोमध कापून सगळ्यांनी तुकडा तुकडा तोंडात टाकला.

“आई!” काटकोन म्हणाला. दुसरं काही त्याला सुचेना.

“अगदी तिच्या हातचं,” सासरे म्हणाले.

बायको रडायलाच लागली. मी माझा तुकडा खाल्ला. तो घट्ट होता, जरा चिवट होता, दाताला लागत होता. वाईट अजिबात नव्हता. ती कड होती. त्यांनी अख्खा ट्रे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कड करून ठेवला होता.

मला सगळं कळलं ते तेव्हा. तिघांपैकी कुणी लबाडी करत नव्हतं की हट्ट करत नव्हतं. त्यांनी जन्मात मधला तुकडा खाल्लाच नव्हता. त्यांच्या आईच्या हातची चव म्हणजे हीच. ती त्यांनी बिनचूक गाठली होती. मला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती, कारण कारखान्याचे बार कसे असतात ते मला माहीत आहे. ते मऊ तरी असतात.

मी सांगून बघितलं. लग्नाआधी मी खाल्ला तो तुकडा असा नव्हता, म्हटलं. मऊ होता, गार होता, चमच्यावर वाकत होता.

“तेव्हा तू प्रेमात होतास,” बायको म्हणाली. “तुला तेव्हा आमच्याकडचं साधं पाणीसुद्धा गोड लागायचं.”

काटकोनने तोडगा काढला. कॅफेकडे जायची वाट हॉस्पिटलवरूनच होती. छोट्या टिनमधला तुकडा आईलाच दाखवू, ती म्हणेल ते खरं. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. माझाही नव्हता. त्यांच्याइतकं कोण सांगणार, असं मलाही वाटलं.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात पट्ट्यांमध्ये गुंडाळून छातीशी बांधलेला होता. चेहरा पांढरा होता, पण आम्हाला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न आला, “झाला का?” बायकोने डबा उघडला. त्यांनी डाव्या हाताने तुकडा उचलला, वास घेतला, चावला. आम्ही चौघं खाटेच्या पायथ्याशी परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे होतो.

“झकास,” त्या म्हणाल्या. “अगदी माझाच.”

तिघांनी माझ्याकडे बघितलं. काटकोनने तर खांद्यावर थापही मारली, दिलदारपणे. मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मला तिथेच विषय सोडायचा होता. ज्यांचा ट्रे त्यांनीच तो पास केला होता. पण मग मला त्या फडकं धुताना दिसल्या, “मला हे पाहिजे” म्हणताना. गप्प बसणं माझ्याच्याने होईना.

“आई,” मी म्हटलं, “हा मधला तुकडा आहे.”

“बरं मग?”

“तो कडेसारखा लागतोय.”

“मग कसा लागायला हवा?”

प्रश्न सरळ होता, चिडून विचारलेला नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती.

“तुम्ही मधला कधी खाल्लाय?” मी विचारलं.

बाजूच्या खाटेवरची म्हातारी कान देऊन ऐकत होती.

“मी कशाला खाईन?” त्या म्हणाल्या. “मधले लोकांचे. मी कड खाते, आंबट बघायला.” मग एकदम सासऱ्यांकडे वळल्या. “काढताना मधे हलत होतं का?”

“छे!” सासरे म्हणाले. “एक मिलिमीटर नाही. मी स्वतः तपासलं.”

सासूबाईंनी हातातला तुकडा बशीत ठेवला. “मग बिघडलाय,” त्या म्हणाल्या.

“अगं, आत्ता तूच म्हणालीस—”

“मी म्हणाले ते जिभेच्या चवीवरून. पण मी ट्रे काढते तेव्हा मधे हलत असतं. नेहमी. न हलता मी कधीच काढलेला नाही. एकदा हलून थांबलं की काढायचा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे मधलं निराळं लागत असणार. तसंच ना?”

“फार निराळं,” मी म्हटलं.

सासरे खुर्चीत बसले. त्यांना लागलं होतं. त्यांनी तो ट्रे आयुष्यातल्या सगळ्या लिफ्टइतक्याच निष्ठेने तपासला होता. सासूबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी बायकोला कॅफेत फोन लावायला सांगितला आणि स्वतःच बोलल्या. ट्रे सकाळी नाही, संध्याकाळी येईल. पलीकडची म्हणाली, मी सहाला बंद करते, त्यानंतर नाही, उद्या मला पदार्थांचा फळा नवा लिहायचाय. सासूबाई म्हणाल्या, सहाच्या आत येईल. फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, “अजून इथेच उभे? लिंबं आणा.”

दुसरा ट्रे आम्ही फारसं न बोलता केला. या वेळी ओव्हनपाशी बायको आणि मी होतो. सासरे बाहेर जिन्यात जाऊन बसले, कारण हलणारी वस्तू बाहेर काढताना त्यांना बघवणार नव्हतं. बायकोने ट्रे हलवला. मधलं क्रीम डुललं आणि थांबेना. थोड्या वेळाने पुन्हा हलवला. एकदा डुललं आणि थांबलं.

“आता?” तिने विचारलं. तिचा हात दारावर तसाच होता. काल तिने मला झिडकारलं होतं आणि आज ती माझ्या तोंडाकडे बघत होती. या बदलाने मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. मीही तो तुकडा कितीतरी वर्षांपूर्वी खाल्ला होता.

“आता,” मी म्हटलं.

खिडकीत गार केला, मग फ्रिजचा एक अख्खा कप्पा रिकामा करून आत ठेवला. काटकोनने ट्रेखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून तो समतल केला. त्याशिवाय त्याला करमलं नसतं. दुपारभर सगळे फ्रिजभोवती घुटमळत होते आणि कुणीही दार उघडत नव्हतं. मग सासूबाईंच्या रीतीप्रमाणे कडा कापल्या, उरलेला अख्खा चौकोन कागदासकट उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला आणि पुन्हा हॉस्पिटल गाठलं.

सासूबाईंनी खोकं मांडीवर घेतलं. डाव्या हाताचं बोट क्रीमवर अलगद टेकवलं, उचललं.

“मला हे असं कळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “गार झाल्यावर सगळे सारखेच दिसतात. मी ओव्हनपाशी असते तर सांगितलं असतं.” त्यांनी काटकोनकडे बघितलं. “मधोमध काप. एक तुकडा.”

“आई, तिने अख्खा मागितलाय. न कापलेला.”

“मला माहीत आहे तिने काय मागितलंय.”

“बाजूचा एखादा घेऊ की. दिसणार नाही तिला.”

“मधला काप,” सासूबाई म्हणाल्या. “मला चुकीची वस्तू पाठवायची नाही. आणि बरोबर वस्तू कशी लागते हे मला माहीत नाही.”

काटकोनने पुढे वाद घातला नाही. कडा कापायची सुरी बायकोच्या पिशवीत होती. सिस्टरकडून त्याने गरम पाणी मागून आणलं, सुरी बुडवून पुसली, आणि डोळ्यांनी माप घेऊन मधोमध चार रेघा मारल्या. तुकडा उचलायला त्याच्याकडे पुट्टी भरायची नवी कोरी पट्टी होती, त्याने ती वेष्टनातून आमच्यासमोर काढली. चौकोन सुटून बशीत आला. खोक्यातल्या मोठ्या चौकोनाच्या ऐन मध्यावर एक भोक पडलं, तळाचा कागद दिसत होता.

“आधी तू,” सासूबाई मला म्हणाल्या.

मी चमच्याच्या टोकावर जरासं घेतलं. क्रीम वाकलं आणि सुटून आलं. गार, मग आंबट, मग काहीच नाही. मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

“हाच,” मी म्हटलं.

त्यांनी चमचा घेतला. डाव्या हाताने त्यांना जमत नव्हतं, पण बायकोला भरवू दिलं नाही. एक घास खाल्ला आणि थांबल्या. दुसरा घास घेतला.

“मला राग येतोय,” त्या म्हणाल्या.

“कुणाचा?” बायकोने विचारलं.

“माहीत नाही. सगळ्यांचा.” त्यांनी चमचा खाली ठेवला नव्हता. “लोक डोळे मिटून खायचे. मला वाटायचं, पाहुणे आहेत, छान म्हणणारच, तशी रीतच आहे. घरी येऊन मी कड खायची आणि म्हणायची, ठीक झालाय, लोक उगाच चढवतात. इतकी वर्षं मी त्यांना मनातल्या मनात खोटं ठरवत आले.” त्यांनी चमच्याने बशीतल्या तुकड्याकडे दाखवलं. “आणि हे मी करत होते. हे. माझ्या हाताने. आणि मला कुणी सांगितलं नाही.”

“सगळेच सांगत होते,” सासरे हळूच म्हणाले.

“तुम्ही नाही.”

“मला कड आवडते,” सासरे म्हणाले. ते खरं होतं, आणि त्यांनी ते फार प्रेमाने म्हटलं होतं. मग त्यांनी हात पुढे केला. “बघू तरी कसा लागतो.”

सासूबाईंनी बशी उचलली आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या उशीजवळ ठेवली.

“नाही,” त्या म्हणाल्या.

सासऱ्यांचा हात तसाच राहिला. बायको हसायला लागली, मग हसता हसता तिने डोळे पुसले. सासूबाई आमच्याकडे न बघता तिसरा घास घेत होत्या. त्या सावकाश खात होत्या, आणि दर घासागणिक त्यांचा चेहरा कठोर होत चालला होता की मऊ, हे मला सांगता येणार नाही.

“जा आता,” त्या म्हणाल्या. “ती बंद करेल.”

“भोकाचं काय सांगायचं?” काटकोनने विचारलं.

“झालं ते सांगा.”

बायको आणि सासरे तिथेच थांबले. काटकोन आणि मी कॅफेत पोचलो तेव्हा मालकीण खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होती. काउंटरवर कारखान्याचे नमुने पारदर्शक डब्यांमध्ये रांगेने मांडलेले होते, सगळे एका मापाचे, एकाही तुकड्याला कड नाही. तिने हात पुसले आणि आमचं खोकं उघडलं.

“हे मधे काय झालं?”

काटकोनने माझ्याकडे बघितलं. त्या भोकाची त्याला एवढी लाज वाटत होती की त्याने खोक्यावर हात आडवा धरला होता.

“जिने बनवला तिने खाल्ला,” मी म्हटलं.

मालकिणीने सुरी घेतली. भोकाच्या लगतचा एक तुकडा कापला आणि उभ्याउभ्या खाल्ला. बोटाला लागलेलं क्रीम चाटलं. मग कारखान्याच्या डब्यांची झाकणं एकेक करून लावली आणि ते काउंटरखाली सरकवले. आमचं खोकं कागदासकट उचलून तिने काचेच्या कपाटात ठेवलं, भोक होतं तसंच, आणि आतला दिवा लावला. काटकोनने इतक्या जोरात श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

“विकायला पाठवायच्या मालातला ऐन मधला तुकडा खायचा धीर कुणाला होत नाही,” ती म्हणाली. “त्यांना कसा वाटला?”

मी विचार केला. त्या काय म्हणाल्या होत्या ते सांगता आलं असतं, पण त्यातून हिला काही कळलं नसतं.

“माझे सासरे आयुष्यभर त्यांच्या ताटातलं खात आलेत,” मी म्हटलं. “आज त्यांनी एक घास मागितला. सासूबाईंनी दिला नाही.”